कॅम्पबेल बे (ग्रेट निकोबार) येथे बिऱ्हाड हलवण्याविषयी माहिती हवी आहे

कर्वेनगरवासी:

नमस्कार. माझे यजमान शासकीय सेवेत स्थापत्य अभियंता असून त्यांच्या बदलीचा आदेश ग्रेट निकोबार बेटावरील कॅम्पबेल बे या गावासाठी निघाला आहे. मुदत दोन वर्षांची आहे, ती वाढूही शकते. घरात दुसरीत शिकणारी मुलगी आणि मधुमेह व रक्तदाबाची औषधे रोज घेणाऱ्या सासूबाई आहेत. मी स्वतः एका सनदी लेखापालांच्या कार्यालयाचे काम घरून, संगणकावर करते. यजमानांनी एकट्याने जावे आणि आम्ही पुण्यातच राहावे, की सर्वांनीच बिऱ्हाड हलवावे, याचा निर्णय लवकरच घ्यायचा आहे.

नातेवाइकांत विषय काढला की निम्मे लोक 'काळ्या पाण्याची शिक्षा झाली' म्हणून थट्टा करतात आणि उरलेले अंदमानच्या सहलीची छायाचित्रे पाठवतात. दोन्हींचा मला उपयोग नाही, कारण आम्हाला तिथे फिरायला जायचे नसून राहायचे आहे. रोज स्वयंपाक कशाचा होतो, मुलीची शाळा कशी असेल, रात्री कोणी आजारी पडले तर काय करायचे, इंटरनेटच्या भरवशावर नोकरी टिकेल का, आणि त्सुनामीची भीती कितपत बाळगावी, हे जाणकारांनी सांगावे. सासूबाईंचे म्हणणे असे की जिथे मंडई नाही तिथे त्या राहणार नाहीत, आणि तिथे मंडई आहे की नाही हेसुद्धा मला सांगता येत नाही.

जुना बांधकामवाला (सिंहगड रस्ता):

आपण विचारलेल्या गावी त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीच्या काळात मी कामानिमित्त राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सोयी आता सुधारल्या असतील. समुद्र आणि पाऊस मात्र सुधारणाऱ्यांतले नाहीत.

प्रथम अंतराची कल्पना नीट करून घ्यावी. पुण्याहून चेन्नई, बंगळूर किंवा कोलकातामार्गे विमानाने पोर्ट ब्लेअर गाठणे (२०२४ पासून या शहराचे अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, पण बोलण्यात जुनेच नाव चालते) हा प्रवासाचा सोपा भाग आहे. तिथून कॅम्पबेल बे समुद्रमार्गे पाचशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला असून जहाज बहुधा कार निकोबार, कामोर्टा अशी बेटे घेत जात असल्यामुळे साधारण दोन दिवस जातात. हेलिकॉप्टर आहे, परंतु जागा मोजक्या, सामानाची मर्यादा कडक आणि रुग्ण असेल तर पहिला हक्क त्याचा. तेव्हा तिकीट हातात असले तरी पंखा फिरेपर्यंत ते आपले आहे असे समजू नये. मे ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो आणि जहाजाचे वेळापत्रक मागेपुढे होते. तिथल्या माणसाला आज सोमवार की गुरुवार हे एक वेळ आठवणार नाही, पण जहाज कधी लागणार हे तो झोपेतही सांगेल, कारण कांदे-बटाटे, टपाल, औषधे, सिमेंट आणि रजेवरून परतणारे शिक्षक हे सगळे त्याच जहाजातून उतरतात.

दुसरी गोष्ट पुण्याहून जाणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, ती म्हणजे सूर्य. बेट पुण्याच्या पुष्कळ पूर्वेला आणि विषुववृत्ताजवळ, सुमारे ७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, घड्याळ मात्र तेच. पहाटे पाच-सव्वापाचला उजाडते आणि वर्षाचे बाराही महिने संध्याकाळी पावणेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. कार्यालय सुटले की अंधार. पहिले काही आठवडे संध्याकाळ अंगावर येते. नंतर माणूस आपोआप पहाटे उठून कामे उरकू लागतो. आपल्या पुण्यातल्या कार्यालयाला सायंकाळी सात वाजता बैठका घेण्याची सवय असेल, तर तिथल्या घरात ती बैठक रात्रीची वाटेल.

पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पडतो, म्हणजे पुण्याच्या निदान चौपट. नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे बेटाला गाठतात, त्यामुळे बरी उघडीप मिळते ती साधारण जानेवारी ते एप्रिल एवढीच. हवेतला ओलावा कायमचा. चामड्याच्या बुटांवर चार दिवसांत हिरवट बुरशी धरते, आगपेटीची काडी ओढली की गूल तेवढे पडते, पुस्तकांची पाने लाटेसारखी वाकतात, आणि कपाटाच्या बिजागरीला लावलेला साधा स्क्रू वर्षभरात असा गंजतो की पेचकस लावला तर डोकेच तुटून हातात येते. आम्ही कागदपत्रे घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी भाजलेले तांदूळ घालून ठेवत असू. लोखंडी कपाट, सोफा, चांगला लाकडी पलंग यांपैकी काहीही पुण्याहून नेऊ नये, नेण्याचा खर्च आणि झालेले नुकसान दोन्ही पदरी पडतात.

भूकंपाविषयी आडपडदा न ठेवता लिहितो. हा भाग देशात सर्वाधिक भूकंपप्रवण मानल्या गेलेल्या पट्ट्यात येतो, कारण तिथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकत असतो. २६ डिसेंबर २००४ ला बेटाला लाटेने झोडपले हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी तिथली जमीनही खचली, हे सहसा सांगितले जात नाही. दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंट येथे जमीन सुमारे सव्वाचार मीटर खाली गेली. १९७२ साली सुरू झालेले तिथले दीपगृह एके काळी कोरड्या जमिनीवर होते, त्याच्या पायथ्याशी नंतर समुद्र आला. भरतीचे पाणी जिथे पूर्वी येत नव्हते तिथे ते कायमचे येऊ लागले आणि किनाऱ्यालगतचा रस्ताही कित्येक ठिकाणी पाण्यात गेला. म्हणून क्वार्टर मिळताना ते समुद्रापासून किती दूर आहे हे विचारू नका, किती उंचावर आहे ते विचारा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या शासकीय संस्थेत २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र आहे आणि त्याचे काम चांगले आहे, पण भूकंपाचे केंद्र जवळ असेल तर लाट यायला फारसा वेळ लागत नाही. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, की भोंग्याची वाट न पाहता चढाच्या रस्त्याला लागायचे, हे मुलीला पहिल्या आठवड्यातच प्रत्यक्ष चालून दाखवावे.

बेटावरची:

ताई, माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले. १९६९ ते १९८० या काळात केंद्र शासनाने माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे ग्रेट निकोबारवर वसवली, त्यांत पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र अशा अनेक राज्यांची माणसे होती आणि त्यांत आमचे घराणे होते. पूर्व किनाऱ्यावर गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावे त्यांनी जंगल तोडून उभी केली. मी नोकरीसाठी वारज्याला राहते, आईवडील अजून तिकडेच आहेत. वरच्या काकांचे लिहिणे बरोबर आहे, फक्त ते वाचून बेटावर कोणी सुखाने राहतच नाही असे वाटू नये.

सासूबाईंना सांगा की मंडई नाही, बाजार आहे. जहाज लागल्यावर दोन-तीन दिवस तिथे कोबी, गाजर, टोमॅटो दिसतात, भाव पुण्याच्या मानाने चढे असतात, आणि मग हळूहळू कांदे-बटाटे तेवढे उरतात. पुढचे जहाज लांबले तर तेही संपतात. त्यामुळे घरोघरी परसात काही ना काही लावलेले असते: शेवगा, भोपळा, पपई, अळू, केळी, मिरची, कढीपत्ता. कोथिंबीर मात्र चैनीत मोडते, तिथल्या पावसात ती कुजून जाते. दूध बहुतेक पावडरचे. ज्वारीचे पीठ तिथे पाहिल्याचे मला आठवत नाही, आमची आजी तांदळाचीच भाकरी करायची आणि सातारच्या भाकरीची आठवण काढून रोज एकदा नावे ठेवायची. मासे खाणाऱ्यांना मात्र कसलीच ददात नाही, सकाळी डुंगी (छोटी होडी) किनाऱ्याला लागली की ताजा मासा हातात. डाळी, गोडा मसाला, शेंगदाणे, पोहे, साबुदाणा हे मोठ्या प्रमाणात पुण्याहून न्या, पण सगळे एकदम उघडू नका, उघडलेले पाकीट लगेच सादळते.

भाषेची अडचण येणार नाही. आमच्या घरात मराठी, शेजारी पंजाबी, समोर तेलुगू आणि रस्त्यावर हिंदी, अशात आम्ही वाढलो. मुलगी तीन महिन्यांत अंदमानी हिंदी बोलू लागेल, मग तुम्हीच तिला टोकत बसाल. शाळा शासकीय आहे, केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम आहे आणि बारावीपर्यंत सोय आहे. शिक्षक बदलीवर येतात-जातात आणि मध्ये एखादा विषय काही महिने रिकामा राहतो, ही खरी उणीव. दुसरी-तिसरीच्या मुलीचे त्याने फार बिघडत नाही, दहावी-बारावीच्या मुलाचे बिघडते. मोठी मुले म्हणूनच पोर्ट ब्लेअरला किंवा मेनलँडला पाठवतात, मलाही पाठवले होते.

ज्या गोष्टींना आम्ही घाबरतो त्या पर्यटकांच्या यादीत नसतात. खाऱ्या पाण्यातली मगर नाल्यांत आणि खाडीच्या तोंडाशी असते. ओढ्यावर कपडे धुवायला किंवा समुद्रात डुंबायला जागा निवडताना गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये, आणि सांजवेळी तर मुळीच नाही. किनाऱ्यावर वाळूतली बारीक माशी चावते, तिचा दंश आठवडाभर खाजतो आणि खाजवला की चिघळतो. माकडे आहेत, ती शहाळी फोडून खातात. माझ्या वडिलांची निम्मी सकाळ त्यांना हाकलण्यात जाते. नारळ-सुपारीवर आमचे घर चालते, पण पाऊस इतका की खोबरे उन्हात वाळतच नाही. मचाणावर वाट्या पसरून खाली नारळाच्या सोडणांचा विस्तव घालतात आणि त्या धुरावर ते वाळवावे लागते. वाळलेला माल जहाजाने जाईपर्यंत पोत्यात पुन्हा बुरशी येते ती वेगळीच.

त्सुनामीच्या वेळी मी लहान होते. रविवार होता, सकाळचे साडेसहा वाजायचे होते, आणि घरात कोणी आंघोळ करत होते तर कोणी चहा घेत होते. जमीन हलायची थांबेना, तेव्हा आजोबांनी सगळ्यांना आहे तसे टेकडीकडे पिटाळले. आम्ही सगळे वाचलो. घर गेले, भाताचे खाचर गेले, आणि ते आजही परत आलेले नाही, कारण तिथे आता खारे पाणी आहे. त्यानंतर कितीतरी वर्षे लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले. दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नसे आणि पाऊस आला की शेजारचे बोलणे ऐकू येत नसे. पश्चिम किनाऱ्यावरचे निकोबारी लोक आपली गावे सोडून राजीवनगर आणि न्यू चिंगेन येथे आणले गेले, ते आजही तिथेच आहेत आणि मूळ गावी परत जाण्याची त्यांची मागणी अजून उभी आहे. हे अशासाठी लिहिते की तुमचे यजमान बांधकाम खात्यातले म्हटल्यावर लोक तुमच्या घरी येऊन रस्त्याचे, पाण्याचे, जमिनीच्या मोजणीचे गाऱ्हाणे मांडतील. त्यांना चहा द्या आणि ऐकून घ्या. बदलीवरच्या साहेबांशी बोलायची त्यांना ती एकच जागा वाटते.

डॉक्टर (प्रभात रस्ता):

वैद्यकीय भागापुरते लिहितो. मी निकोबार गटातील बेटांवर काही काळ सेवा केली आहे.

कॅम्पबेल बे येथे आरोग्य केंद्र आहे. ताप, जखम, साधी प्रसूती, नेहमीच्या तपासण्या यांची सोय होते. शस्त्रक्रिया, हृदयविकार, पक्षाघात, डोक्याला मार यांसाठी रुग्णाला पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयात हलवावे लागते आणि हलवणे म्हणजे हेलिकॉप्टर, म्हणजेच हवामान. पुण्यात छातीत दुखू लागल्यावर आपण पहिल्या तासाच्या हिशेबाने विचार करतो, तिथे तो हिशेब लागू पडत नाही. यात कोणाचा दोष नाही. काही हजार वस्तीच्या, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या गावात हृदयरोग विभाग उभा राहत नसतो.

त्यामुळे आपल्या सासूबाईंबद्दल माझे मत असे की पहिल्या पावसाळ्यापुरते तरी त्यांना पुण्यातच ठेवावे. साखर आणि रक्तदाब आटोक्यात असतील, हृदयाचा व मूत्रपिंडाचा काही त्रास नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र शांत असताना त्यांना दोन महिने नेऊन पाहावे. गोळ्यांवर असल्यास निदान तीन महिन्यांचा साठा हाताशी असावा. इन्सुलिनवर असल्यास वीज जाण्याचा विचार करावा लागेल, कारण तिथली वीज मुख्यतः डिझेल जनित्रांवर चालते; मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून केलेला थंडावा तिथल्या दमट हवेत फारसा उपयोगी पडत नाही, त्याच्या भरवशावर राहू नये. पायांची काळजी सर्वांत महत्त्वाची. ओल्या हवेत मधुमेही माणसाच्या बोटांमध्ये झालेली चीर लवकर भरत नाही, आणि पाण्या-चिखलातून अनवाणी चालण्याने लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते. हा आजार अंदमान-निकोबारमध्ये जुना आहे.

हिवताप तिथे दोन्ही प्रकारचा आढळतो, मेंदूवर जाऊ शकणारासुद्धा. मुलीला ताप आला तर 'उद्या पाहू' हे पुणेरी धोरण सोडून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, ती तपासणी गावात होते. मच्छरदाणी रोज, बारा महिने. जाण्यापूर्वी सर्वांचे दात तपासून घ्यावेत, हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण दाढेसाठी जहाज पकडणारे लोक मी पाहिले आहेत.

पौड रस्ता:

तिथे मोठे बंदर, विमानतळ आणि नवे शहर होणार असल्याचे सतत वाचनात येते. तसे असेल तर या सगळ्या अडचणी दोन वर्षांत संपणार नाहीत का? मग आत्ताच घाबरून कुटुंबाची ताटातूट कशाला करायची?

बेटावरची:

प्रकल्प खरा आहे. गॅलाथिया खाडीत एका जहाजावरचे कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढवण्याचे बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि वसाहत, असा सुमारे १६६ चौरस किलोमीटरचा तो आराखडा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली, तेव्हा खर्चाचा आकडा ७२ हजार कोटी रुपयांच्या घरात सांगितला जात होता. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जायचे आहे. ज्या खाडीत बंदर व्हायचे आहे तिथेच हिवाळ्यात चामडी पाठीची प्रचंड समुद्री कासवे अंडी घालायला येतात, आणि बेटाच्या आतल्या जंगलात शोंपेन हे आदिवासी लोक राहतात, ज्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम सव्वादोनशेच्या आसपास होती. यावर पुण्यातही बरेच लिहिले-बोलले गेले आहे. 'कल्पवृक्ष' ही इथली संस्था अंदमान-निकोबारच्या जंगलांच्या प्रश्नावर पूर्वी न्यायालयात गेली होती.

आमच्या गावात मते दोन्ही बाजूंनी आहेत. माझ्या वडिलांना दवाखाना आणि रोजचे विमान हवे आहे, पण पुन्हा एकदा जमीन द्यायची नाही. ही दोन वाक्ये ते एका दमात म्हणतात आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ आहे: असे प्रकल्प दोन वर्षांत भाजी स्वस्त करत नाहीत. उलट बाहेरची माणसे वाढली की त्याच जहाजातले तेच टोमॅटो जास्त घरांत वाटले जातात. ताईंनी आहे तेच धरून हिशेब करावा.

कर्वेनगरवासी:

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचे लिहिणे सासूबाईंना वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी नणंदेला फोन करून 'पावसाळाभर तुझ्याकडे येते' असे सांगताना ऐकले. मुलीला घेऊन मी जावे असे आमचे ठरत आले आहे. दोनच गोष्टी राहिल्या. इंटरनेटविषयी कोणी नेमके लिहिले नाही. आणि सामान किती व कसे पाठवावे?

बेटावरची:

इंटरनेटची स्थिती २०२० च्या ऑगस्टपासून पालटली. चेन्नईपासून समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल टाकली आहे, ती पोर्ट ब्लेअरबरोबर ग्रेट निकोबारलाही जोडलेली आहे. त्याआधी सगळे उपग्रहावर चालत असे आणि एक छायाचित्र पाठवायला आम्ही फोन खिडकीत ठेवून जेवायला बसत असू. आता वडिलांशी व्हिडिओवर बोलणे होते. तुमचे हिशेबाचे काम चालेल, पण वीज गेली की घरातली यंत्रणाही जाते, तेव्हा चांगली बॅटरी न्या आणि कार्यालयाला आधीच सांगून ठेवा की विवरणपत्रे भरण्याच्या अंतिम तारखेला तुमच्यावर विसंबू नये. दोन दिवस आधीची तारीख तुम्हीच धरून चाला. सकाळी सहा ते दहा या वेळात तुमचे निम्मे काम होऊन जाईल, तेव्हा पुण्यात कोणी फोनही करत नाही.

सामान थोडे न्या. मोठे सामान चेन्नईहून मालवाहू जहाजाने पोर्ट ब्लेअरला आणि तिथून पुन्हा दुसऱ्या जहाजाने येते. दोन्हीकडे चढ-उतार होते आणि जेट्टीवर ते पावसात भिजते. पत्र्याच्या ट्रंकेपेक्षा घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे पिंप बरे, रिकामे झाल्यावर त्यातच धान्य राहते. सुती कपडे, रबरी चपला, दोन-दोन छत्र्या, मुलीची वर्षभराची पुस्तके-वह्या, चष्म्याची जादा जोडी, कुकरची शिट्टी व रबरे, मिक्सरचे भांडे. आदिवासी राखीव क्षेत्राच्या पाटीपलीकडे परवान्याशिवाय जाता येत नाही आणि आत जाऊन तिथल्या लोकांची छायाचित्रे काढणे हा दंडनीय गुन्हा आहे, हे पुण्याहून भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही आधीच सांगा. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला निघण्यापूर्वीच हातात घ्या, मागाहून टपालाने मागवलात तर तोही जहाजानेच येणार.